एक शे, चाळीस

"फोटोत धूर दिसला पाहिजे," माझे वरिष्ठ साठे सर यांनी निघताना बजावलं होतं. "नुसती जीप नको. मागून काळा धूर सोडणारी जीप. रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाकायचीय."

म्हणून शुक्रवारी सकाळी मी धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरच्या जीप स्टँडवर उभी होते. पर्समध्ये पाण्याची बाटली, चार्जरची वायर आणि प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सतरा जीपची यादी. पिंपळनेरहून पश्चिमेला डोंगरातल्या पाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावरून या सतरा जुन्या डिझेल जीप कायमच्या बंद कराव्यात, अशी शिफारस आमच्या कंपनीने केली होती. सोमवारी धुळ्यात यावर निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीची मीटिंग होती. तिथे सही झाली की विषय संपला. यादीतली चौथ्या नंबरची जीप माझ्यासमोरच उभी होती. नंबर दोनदा जुळवून पाहिला. तीच.

जीपला टेकून एक म्हातारबा उभे होते. पांढरा पायजमा, डोक्यावर टोपी, हातात फडकं. स्टँडवरचे सगळे त्यांना लोटन आबा म्हणत होते.

"कुठे जायचं, ताई?"

"कुठे नाही. फोटो काढायचाय."

"कुणाचा?"

"गाडीचा."

आबा एवढे खूश झाले की लगेच बॉनेट पुसायला लागले. मग काच पुसली. मग नंबर प्लेट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, असू दे आबा, आहे तशीच छान आहे. तर म्हणाले, "उभ्या गाडीचा काय फोटो काढता? वर चढावर चला, तिथे झकास येतो. बसा पुढे."

चढावर गाडी धूर सोडते. मी बसले. खोटं कशाला बोलू, तेवढ्याचसाठी बसले.

आता माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी पुण्यातल्या एका पर्यावरण सल्लागार कंपनीत आहे. गावात किंवा जिल्ह्यात गाड्यांमुळे हवेत किती धूर जातो, हे आम्ही मोजतो. मोजतो म्हणजे प्रत्येक गाडीच्या मागे पिशवी लावून बसत नाही. त्यासाठी कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम असतो, त्याला एमिशन मॉडेल म्हणतात. त्याला सांगायचं, की या रस्त्यावर अमुक प्रकारच्या गाड्या एवढ्या, त्या इतक्या वर्षांच्या, डिझेलवर चालतात की पेट्रोलवर, आणि एक गाडी रोज किती किलोमीटर धावते. तो गुणाकार-भागाकार करतो आणि वर्षाला इतके टन धूर असा आकडा देतो.

यातली मेख अशी, की प्रोग्राम परदेशात बनलेला असतो आणि त्यात तिथले आकडे आधीच भरून ठेवलेले असतात. त्याला डिफॉल्ट म्हणतात. तुम्ही तुमचे आकडे दिले नाहीत, तर तो गुपचूप ते वापरतो. तिथली गाडी एकट्या माणसाला घेऊन ऑफिसला जाते. आपल्याकडे एका काळी-पिवळीत, म्हणजे भाड्याच्या जीपमध्ये, चौदा माणसं, दोन कोंबड्या आणि टपावर खताची गोणी असते. म्हणून लोकल डेटा जमवावा लागतो. तेच माझं काम. अठ्ठावीस वर्षं मी हेच करतेय.

लोकल डेटा म्हणजे कटकट असते. आरटीओच्या यादीवर जावं, तर एकदा चढलेली गाडी तिथून लवकर उतरत नाही. भंगारात जाऊन तिचे खिळे झाले तरी कागदावर ती धावतच असते. म्हणून माणसांना जाऊन विचारावं लागतं. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांसाठी आम्ही तिथल्याच कॉलेजच्या मुलामुलींना मोबाईलवर एक ॲप दिलं. प्रश्न विचारायचा, उत्तर रेकॉर्ड करायचं. पुण्यात सायली नावाची मुलगी ती क्लिप ऐकून आकडे टाइप करायची. सायली कोल्हापूरची. कामाला इतकी चोख, की तिच्या टाइपिंगवर मी कधी दुसरी नजर टाकत नाही.

तर या डेटातून असं निघालं होतं, की जळगावकडची जीप रोज चाळीस-पन्नास किलोमीटर धावते आणि पिंपळनेरकडची एकशे तीस, एकशे चाळीस, काही तर एकशे पन्नास. मला तेव्हाच खटकलं होतं. मी सरांना विचारलंही.

"सोपं आहे," सर म्हणाले. "त्या पट्ट्यात एसटी कमी. मग जीप जास्त पळणार."

"पण सर, ज्यांच्याकडे दोन जीप आहेत त्यांची प्रत्येक जीप चाळीसच धावते. एकच जीप असलेल्यांची तेवढी एकशे चाळीस."

"ज्याच्याकडे एकच आहे तो जास्त राबणार ना, चौधरी मॅडम. गरिबाची गाडी विश्रांती घेत नाही."

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मनाला भिडलंच. गरीब माणूस, एकच गाडी, दिवसभर राबतोय. मी रिपोर्टात तसा परिच्छेदसुद्धा लिहिला. मॉडेलने त्याचं गणित केलं आणि पश्चिमेच्या रस्त्यावरच्या धुरात पहिला नंबर जुन्या जीपचा आला. त्यातून ती यादी निघाली.

तर मी आबांच्या शेजारी बसले होते आणि पर्स मांडीवर घट्ट धरली होती, उगाच. जीप भरली. मागे एक बाई होती, आठवा महिना असावा. दवाखान्यात तपासून परत निघाली होती. तिच्याबरोबर इंदू अक्का. अक्का म्हणजे तिथल्या चार पाड्यांच्या आशा वर्कर, गरोदर बायांना दवाखान्यात आणणं-नेणं हे त्यांचं काम. बोलायला फटकळ. मी कोण, कुठली, नवरा काय करतो, हे पहिल्या पाच मिनिटांत काढून घेतलं. मी पुण्याची म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं.

"पुण्यात राहते. माहेर वरणगाव," मी म्हटलं. "वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. आई मुक्ताईनगरची."

"मग असं सांगा ना. आपलीच आहे," अक्का म्हणाल्या, आणि मागून एक पेरू पुढे आला.

चढ लागला. आबांनी गिअर बदलला आणि मागे धूर निघाला. काळाकुट्ट. आरशात दिसत होता. मी मोबाईल बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला. म्हटलं उतरल्यावर काढू.

"ॲम्ब्युलन्स येत नाही का इकडे?" मी अक्कांना विचारलं.

"येते की. खालच्या फाट्यापर्यंत. पुढे रस्ता बघताय ना. फाट्यापर्यंत बाई आणायची कोणी? आबा आणतात. पाऊस असो, रात्र असो, फोन केला की येतात. मागच्या खेपेला बाई इथेच, मागच्या सीटवर मोकळी झाली. आबा बाहेर उभे राहून जोरजोरात देवाचं नाव घेत होते. मी म्हटलं, आबा, गप्प बसा हो, बाई घाबरतेय."

सगळी जीप हसली. ती गरोदर बाईही हसली. आबा समोर बघत गाडी चालवत होते, पण कान लाल झाले होते.

मला हसू येईना. पर्समधली यादी म्हणजे नुसते नंबर होते. आत्तापर्यंत मी अशा किती याद्या केल्या असतील देव जाणे. यादीतल्या गाडीत बसून पेरू खायची वेळ पहिल्यांदाच आली होती. ही जीप बंद झाली तर या बाईला खाली कोण आणणार, हा प्रश्न आमच्या रिपोर्टात कुठेच नव्हता. पण मी मनाला बजावलं, की बाई, तुझं काम आकड्यांचं आहे. गाडी रोज एकशे चाळीस किलोमीटर असा धूर ओकत असेल, तर त्याच पाड्यातल्या पोरांच्या छातीत तो जातो. दया आली म्हणून आकडा बदलत नाही. हे मी अजूनही मानते.

पाडा आला. माणसं उतरली. आबांनी जीप मोहाच्या झाडाखाली लावली, मागच्या सीटवरची सतरंजी काढली, झाडाखाली अंथरली आणि टोपी उशाला घेतली.

"आबा, परत कधी निघायचं?"

"चार वाजता. बाजाराची माणसं खाली असतात, ती आणायची."

"आणि तोवर?"

"तोवर झोप."

मी घड्याळ बघितलं. अकरा वाजत होते.

"मग चारनंतर किती फेऱ्या?"

"फेऱ्या कसल्या? खाली जायचं, माणसं घेऊन वर यायचं. घर तर इथेच आहे माझं. झाला दिवस."

मी मनात हिशोब केला. सकाळी खाली, वर. चारला खाली, वर. पिंपळनेर इथून दहा किलोमीटर. चार दाहे चाळीस. कुठल्याही बाजूने मांडलं तरी चाळीस. एकशे चाळीस होतच नव्हते.

आणि मग माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तापट, घरातले सगळे सांगतील. मला वाटलं, हे लोक खोटं बोलले. डिझेलचं अनुदान मिळेल किंवा परमिट वाढेल असं काहीतरी वाटून सगळ्यांनी मिळून आकडे फुगवले. आणि त्या फुगवलेल्या आकड्यांनीच आता यांची गाडी जाणार.

"आबा," मी म्हटलं, आणि आवाज चढलाच, "तुम्ही आमच्या सर्वेवाल्या मुलीला एकशे चाळीस किलोमीटर सांगितलंत."

आबा उठून बसले. "मी? मी कशाला सांगू एकशे चाळीस?"

"माझ्याकडे लिहिलेलं आहे."

"लिहिलं असेल. मी सांगितलं नाही."

"रेकॉर्डिंग आहे, आबा."

आता तेही चिडले. इतका वेळ ते माझ्याशी शहरातलं मराठी बोलत होते, ऑफिसच्या माणसांशी बोलतात तसं. चिडल्यावर ते सुटलं आणि घरची अहिराणी आली. "ती पोर मनासंगे अहिराणीमा बोलनी. तिनी इचारं, आबा, गाड्या कितल्या नि रोज कितला किलोमीटर? मी सांगं, एक शे, चाळीस."

"तेच म्हणतेय मी. एकशे चाळीस."

"अहो ताई, एक शे. चाळीस."

"आबा, एकशे चाळीस म्हणजे..."

आणि मी तोंड मिटलं.

खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. गाडी एक शे, म्हणजे गाडी एक आहे. आणि रोज चाळीस किलोमीटर चालते. आबांनी दोन प्रश्नांची दोन उत्तरं दिली होती. एक आहे. चाळीस. कोल्हापूरच्या सायलीने कानाला हेडफोन लावून ते ऐकलं आणि प्रामाणिकपणे टाइप केलं, एकशे चाळीस. गाड्या किती, हा रकाना रिकामा राहिला, तर ॲपने तिथे आपोआप एक भरला. आणि तोही बरोबर. म्हणजे चूक दिसायला जागाच उरली नाही. पाचशे किंवा हजार लिहिलं असतं तर मी बसल्या जागी पकडलं असतं. एकशे चाळीस हा कसा अगदी शोभणारा आकडा होता.

आता सायलीला बोल लावणं सोपं होतं. पण तिला 'शे' माहीत असायचं काही कारण नव्हतं. मला होतं. आमच्या मुक्ताईनगर-वरणगावकडच्या बोलीत 'शे' नाही, आम्ही 'हाये' म्हणतो, पण धुळ्याकडचा माणूस 'शे' म्हणतो हे मला शाळेपासून ठाऊक. वर्गात धुळ्याची एक मुलगी होती, तिला आम्ही त्यावरून चिडवायचो. आणि खरी गोम पुढेच होती. गाड्या किती आणि रोज किती किलोमीटर, हे दोन वेगळे प्रश्न होते. ते जोडून एक केले कोणी? मी. क्लिप जास्त झाल्या की मोबाईलची मेमरी भरते, म्हणून मीच म्हटलं होतं, एकाच क्लिपमध्ये दोन्ही विचारा. तेव्हा सगळ्यांनी माझ्या हुशारीचं कौतुक केलं होतं.

पाड्यात रेंज नव्हती. अक्कांनी मला शाळेमागच्या टेकाडावर नेलं, तिथे एका दगडावर उभं राहिलं की रेंज येते. मी दगडावर उभी राहून सायलीला फोन केला.

"सायली, त्या क्लिपमध्ये 'एक' आणि 'शे' यांच्यात थांबतात का ते?"

"मॅडम, काही जण थांबतात. मला वाटलं आठवत असतील."

"आणि दोन गाड्यावाले काय म्हणतात?"

तिने क्लिप शोधली. "ते नीट सांगतात, मॅडम. दोन, आणि मग चाळीस, तीस. फक्त ते दोनच्या पुढे 'शेतात' म्हणतात. म्हणून मी शेऱ्यात लिहिलंय, गाड्या शेतात उभ्या असतात."

मी दगडावरून पडायची बाकी होते. "शेतस म्हणतात गं ते. शेतस म्हणजे आहेत. दोन आहेत."

मग तिचा रडका आवाज. "मॅडम, म्हणजे सगळ्यांचंच चुकलं?"

"तुझं नाही चुकलं. मी दोन प्रश्न एकत्र केले. डोळे पूस, आणि एकच गाडी असलेल्यांच्या सगळ्या क्लिप परत ऐक. जिथे 'शे' आहे तिथे खूण कर. आकडा बदलू नकोस, नुसती खूण."

मग साठे सरांना फोन. सर माणूस चांगला. पण सोमवारी मीटिंग आणि शुक्रवारी दुपारी हे ऐकणं, कोणालाही झेपलं नसतं.

"मॅडम, तुम्हाला फोटो काढायला पाठवलं होतं."

"हो सर."

"आकडे महिन्यापूर्वी समितीकडे गेलेत. त्यावर आपली सही आहे."

"माझी आहे, सर."

"आणि समजा शंभर कमी झाले. जीप तरी जुन्याच आहेत ना? धूर सोडतात ना? आज नाहीतर दोन वर्षांनी बंद होणारच. मग एवढा गोंधळ कशाला?"

हे बोलणं खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "सर, दोन वर्षांत या पाड्यात किती बाळंतपणं होतील ते मला इथल्या अक्का सांगतील. आपल्या मॉडेलला नाही सांगता येणार. पण ते जाऊ दे. आकडा चुकीचा आहे. तो मी सोमवारी वाचणार नाही."

सर म्हणाले, "एका म्हाताऱ्याच्या बोलण्यावर रिपोर्ट बदलता येत नाही. पुरावा आणा."

यात ते शंभर टक्के बरोबर होते. आबांच्या पहिल्या उत्तरावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवला, तसाच दुसऱ्यावर ठेवला तर मी शिकले काय? जीपचे मीटर बघावेत, तर एकाही जीपचा किलोमीटरचा काटा हलत नव्हता. आबांचा तर कितीतरी वर्षांपूर्वीच एका जागी बसला होता.

म्हणून मी पिंपळनेरला मुक्काम केला. शनिवारी पहाटेपासून अंधार पडेपर्यंत स्टँडवरच्या चहाच्या टपरीपुढे खुर्ची टाकून बसले. सुटणाऱ्या प्रत्येक जीपचा नंबर, वेळ आणि जाणार कुठे ते वहीत लिहिलं. टपरीवाल्या भाऊंनी आधी विचारलं, आरटीओच्या का? नाही म्हटल्यावर चहा आणून दिला. रविवारीही बसले. दोन्ही दिवशी सतरापैकी एकही जीप दिवसातून दोनपेक्षा जास्त वेळा सुटली नाही. लांबात लांब जाणारी गाडी धरली तरी आकडा साठाच्या पुढे जाईना. डिझेल पंपावर जाऊन विचारलं, तर या गाड्या एका दिवसाआड थोडं थोडं डिझेल भरतात. रोज एकशे चाळीस किलोमीटर पळणाऱ्या जीपला तेवढं एक दिवसही पुरलं नसतं.

रविवारी दुपारी सायलीचा मेसेज आला. एकच गाडी असलेल्या सगळ्या नोंदींत 'शे' होता. एकही सुटली नव्हती. तिने टीममधल्या कोणाकडून तरी अहिराणी जाणणारा माणूस शोधला होता आणि त्याला फोनवर प्रत्येक क्लिप ऐकवली होती. हे मी तिला सांगितलं नव्हतं. मी नवीन आकडे मॉडेलमध्ये घातले. पश्चिमेच्या रस्त्यावरच्या धुरात जीप पहिल्या नंबरवरून चौथ्या नंबरवर गेल्या. पहिला नंबर आला हॉटेलांपुढे इंजिन चालू ठेवून तासन् तास उभ्या राहणाऱ्या ट्रकांचा.

सोमवारी धुळ्याला सर पुण्याहून आले होते. चेहरा गंभीर. माझी वही हातात घेतली, पानं उलटली, चहाचे डाग बघितले, परत दिली. म्हणाले, "तुम्ही बोला." मला वाटलं हात झटकले.

मी उभी राहिले आणि सांगितलं, की महिन्यापूर्वी दिलेला तक्ता चुकीचा आहे. कसा चुकला तेही सांगितलं. 'एक शे, चाळीस' म्हटल्याबरोबर टेबलाच्या अर्ध्या बाजूला हसू फुटलं, आणि उरलेले एकमेकांकडे बघायला लागले. अध्यक्ष अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातल्या होत्या, त्यांना शेजारच्याने कानात समजावलं. त्याही हसल्या. साक्री तालुक्यातले एक वयस्कर सभासद मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे आमचं 'आहे' तुम्हाला शंभर वाटलं."

हसणं तिथेच थांबलं.

अध्यक्ष बाईंनी विचारलं, "ही चूक नक्की कोणाची? टाइप करणाऱ्यांची?"

मी तोंड उघडायच्या आत साठे सर उभे राहिले. "नाही मॅडम. फॉर्म आमच्या ऑफिसने मंजूर केला, त्यावर शेवटची सही माझी आहे. आकडा खटकला तेव्हाच तपासायला हवं होतं, आम्ही त्याला कारण शोधून दिलं. चूक माझी धरा."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे फोटोचे सगळे हट्ट माफ केले.

सतरा जीपची यादी मागे घेतली गेली. पण मी सांगितलं, की या गाड्या स्वच्छ आहेत असं माझं म्हणणं नाही, चढावर मी धूर डोळ्यांनी पाहिलाय. म्हणून असं ठरलं, की जीप चालू राहतील, पण दर सहा महिन्यांनी पिंपळनेरलाच धुराची तपासणी होईल. नापास गाडीने दुरुस्त होईपर्यंत प्रवासी न्यायचे नाहीत. पुढे त्या तपासणीत लोटन आबांची जीप पहिल्या फटक्यात नापास झाली. डिझेलचा पंप आणि नोझल काढून साफ करावं लागलं. आठवडाभर गाडी उभी होती. त्या आठवड्यात दुसऱ्या पाड्याच्या जीपवाल्याने त्यांच्या फेऱ्या मारल्या. मग पास झाली.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारच्या संध्याकाळचं. मी धुळ्याहून आबांना फोन केला. रेंज नव्हती. सात वाजता त्यांचाच उलट फोन आला, बहुतेक त्या दगडावर उभे राहून. मी त्यांना सगळं सांगितलं. यादीचंही. लपवण्यात अर्थ नव्हता, आज ना उद्या कानावर गेलंच असतं. गाडी आता बंद होणार नाही, काळजी करू नका, असंही म्हटलं. पण काळजी त्यांना आत्तापर्यंत नव्हतीच. गाडी बंद होणार होती हेच त्यांना माहीत नव्हतं.

फोनमध्ये टेकाडावरचा वारा ऐकू येत होता.

"ताई, त्या दिवशी तुम्ही माझ्या गाडीत बसल्या, तेव्हा ती यादी तुमच्याजवळ होती?"

"हो, आबा. पर्समध्ये."

"मंग माले इचारं काब्र नही कोणी?" आबांचा आवाज चढला नव्हता. आपल्याला कोणी विचारलं कसं नाही, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

"विचारलं होतं, आबा," मी म्हटलं. "तुम्ही बरोबर सांगितलंही होतं."

ते म्हणाले, सकाळी लवकर निघायचंय, त्या बाईला परत दवाखान्यात न्यायचंय, आणि फोन ठेवला.

त्यानंतर आमच्या फॉर्मवर एका ओळीत एकच प्रश्न असतो. क्लिप ऐकून टाइप करणारा माणूस त्याच तालुक्यातला असतो. सायली आता त्या माणसांना कामाला लावते आणि त्यांच्याकडून शब्द लिहून घेते. शिवाय उत्तर लिहिलं, की ते ज्याने दिलं त्याला वाचून दाखवायचं, असा नियम मी केला. लोक ऐकतात, हुज्जत घालतात, 'असं नव्हतो म्हणालो' म्हणतात, खोडून परत लिहावं लागतं. सर्वेला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागतो. साठे सर कुरकुरतात. मी म्हणते, लागू दे.